पाटी, पोथी आणि बाजार

जून उजाडला, महाविद्यालयांतील प्रवेशांची धांदल सुरू झाली, की साहित्याच्या विद्यार्थ्यांतही एक प्रश्न हमखास निघतो : टॅबलेट कोणता घ्यावा? उत्तरेही ठरलेली असतात. कोणी कंपनीचे नाव सांगतो, कोणी किंमत, कोणी स्मरणक्षमतेचे आकडे. ‘तुम्हांला त्यावर वाचायचे काय आहे?’ असा उलट प्रश्न करणारा मात्र क्वचितच भेटतो. साहित्याच्या विद्यार्थ्यापुरता तरी हा प्रश्न यंत्रशास्त्राचा थोडा आणि वाचनव्यवहाराचा फार मोठा आहे, असे आमचे मत आहे. म्हणून समीक्षेच्या या पानांवर त्याची चर्चा करणे आम्हांला अस्थानी वाटत नाही.

टॅबलेट या शब्दाचा एक जुना अर्थ पाटी असाच आहे. आपल्याकडे मुलांनी अक्षरे गिरवली ती आधी धूळपाटीवर आणि मग दगडी पाटीवर. पाटीवर लिहिलेले पुसण्यासाठी असते, पोथीत लिहिलेले राखण्यासाठी. आज दुकानात जे टॅबलेट मिळतात त्यांच्या ढोबळमानाने तीन जाती करता येतात. पहिली जात ई-इंकच्या वाचकयंत्रांची. किंडल हे त्यांतले सर्वांत परिचित नाव, आणि ते २००७ पासूनचे. ही आपली पोथी. दुसरी जात लेखणीने लिहिण्यासाठीच घडवलेल्या टॅबलेटांची. ही पाटी. तिसरी आणि सर्वांत मोठी जात रंगीत, उजळ पडद्याच्या सर्वकामी टॅबलेटांची. २०१० साली आयपॅड आला आणि पाठोपाठ अँड्रॉइडवर चालणारे टॅबलेट आले. हा बाजार. त्यात पोथी मिळते, पाटी मिळते आणि बाजारात आणखी जे जे मिळते ते सगळेच मिळते. बाजार म्हणताना आम्ही त्याला हिणवीत नाही. आठवडी बाजाराचे मोल तालुक्याच्या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. बाजारात जाताना काय आणायचे ते घरून ठरवून निघावे, एवढेच आमचे म्हणणे.

हे ठरवणे शहरात आणि तालुक्याच्या गावी सारखे नसते. म्हणून आम्ही शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. भीमेच्या दोन अंगांना असलेले हे शेजारी. पण त्यांची वाचनाची परिस्थितीही एक नाही. दौंड हे रेल्वेचे गाव. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली निघाला, तेव्हापासून ते जंक्शन आहे. तिथून पुण्याला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती रोज गाडीतला दीड-पावणेदोन तास येतो, आणि परतताना तेवढाच. शिरूरला रेल्वे नाही. तिथला विद्यार्थी नगर रस्त्याने एसटीने जातो. हलत्या बसमध्ये वाचन फारसे साधत नाही. त्याला वाचायला मिळते ते घरी, रात्री किंवा सकाळी, आणि तेही विजेच्या वेळापत्रकाशी जमवून घेत. पावसाळा बेताचा आणि ऊन भरपूर, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे समान.

यंत्राचे नवल इथे कोणाला नाही. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात घरगुती विजेच्या उपकरणांचे मोठे कारखाने आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने तिथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या नव्या वसाहतीला मंजुरी दिली. सुमारे २९७ एकर जमीन आणि ४९२ कोटींवर खर्च असा तो प्रकल्प. टॅबलेटही परका राहिलेला नाही. महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेने इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना मोफत टॅबलेट देण्याची योजना राबवली. ती अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी. त्या कामासाठी दृक्श्राव्य तासिका पाहता येतील आणि सराव-चाचण्या सोडवता येतील असा टॅबलेट हवा, आणि तो तसाच निवडला जातो. यात गैर काही नाही. पण विद्यार्थ्यांच्या मनात ‘अभ्यासाचा टॅबलेट’ म्हणून जी प्रतिमा ठसते, ती या गरजेतून घडलेली असते. वर्गातल्या मुलीच्या धाकट्या भावाला मिळालेला टॅबलेट हाच मग तिच्याही निवडीचा नमुना होतो. ती वाचणार असते हरिभाऊ आपटे आणि मर्ढेकर. यंत्र निवडते भौतिकशास्त्राच्या चाचणीचे.

गरज आधी आणि यंत्र मागाहून, हा धडा घ्यायला आपल्याला लांब जायला नको. शिरूर तालुक्यातल्याच पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. करता करता शिकणे आणि गावाला जे लागते ते घडवीत शिकणे हे त्या शिक्षणाचे सूत्र. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. त्या संस्थेबाहेरच्या जगातल्या पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी ती एक. तिथेही यंत्रसामग्रीआधी गावातली अडचण विचारात घेतली जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने टॅबलेट निवडताना हीच रीत स्वीकारावी. त्याची अडचण काय आहे?

त्याची अडचण ही, की त्याला जे मराठी वाचायचे आहे ते पडद्यावर एका रूपात मिळत नाही. नवी पुस्तके युनिकोडमधील ई-पुस्तके म्हणून मिळतात. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून अधिकृतपणे विकली जाऊ लागली आणि पुण्याच्या बुकगंगासारख्या दुकानांनीही ती वाट रुंद केली. या पुस्तकांतली अक्षरे वाचणाऱ्याच्या सोयीने लहानमोठी होतात, ओळी नव्याने मांडल्या जातात. दुसरे रूप पीडीएफचे. त्यांतल्या कितीतरी फाइली जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या असतात. पडद्यावर त्या नीट दिसतात. पण त्यांत ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द शोधायला जावे तर सापडत नाही, आणि उतारा उचलून दुसरीकडे ठेवावा तर निरर्थक चिन्हे उमटतात. तिसरे रूप नुसत्या छायाप्रतींचे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा साठा हाच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या उपक्रमात चित्रांकित झालेली आणि आता इंटरनेट आर्काइव्हवर पाहायला मिळणारी जुनी पुस्तके, राज्य मराठी विकास संस्थेने खुले केलेले दुर्मीळ ग्रंथ, जुन्या मासिकांचे अंक. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. केशवसुत (निधन १९०५), गडकरी आणि हरिभाऊ (दोघांचेही निधन १९१९), साने गुरुजी (१९५०), मर्ढेकर (१९५६) या सर्वांचे लेखन आज मुक्त आहे. मराठीच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग त्यामुळे विनामूल्य मिळू शकतो. मात्र तो बहुतांशी पानांच्या छायाचित्रांच्या रूपात.

आता थोडे अंकगणित. डेमी १/८ आकाराच्या पुस्तकाचे पान सुमारे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. सहा इंची वाचकयंत्राचा पडदा भरतो सुमारे ३.६ बाय ४.८ इंच. त्यात हे अख्खे पान बसवले तर अक्षर मूळच्या निम्म्याहून थोडे मोठे राहते. बारा पॉइंटांचा टाइप सात पॉइंटांच्याही खाली उतरतो. रोमन लिपी इतक्या लहान आकारातही कशीबशी निभावते. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, असे तीन मजले वागवायचे असतात. त्यात मूळची छपाई खिळ्यांची, छायाप्रत करडी. मग अनुस्वार कोणता आणि कागदावरचा ठिपका कोणता हे कळेनासे होते. याउलट १०.१ इंची, लांबट पडद्याचा साधा टॅबलेट उभा धरला तर पडदा सुमारे ५.३५ बाय ८.५५ इंच भरतो. म्हणजे जवळजवळ डेमी पानाएवढाच. पान आहे त्या आकारात, आहे त्या समासासह समोर येते. दुकानदार सांगतो त्या सगळ्या आकड्यांपेक्षा मराठीच्या विद्यार्थ्याला हा एक आकडा अधिक उपयोगाचा आहे.

‘मग मोबाइल काय वाईट?’ असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे, कारण मोबाइल बहुतेकांच्या हाती आधीच आहे. पण मोबाइलचा पडदा साडेसहा इंचांचा म्हणवला तरी रुंदीला पावणेतीन इंचांच्या आतबाहेर असतो. त्यावर छायाप्रत वाचायची तर प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. गद्यात हे त्रासाचे, पद्यात घातक. ओवीचा किंवा अभंगाचा चरण मध्येच मोडला, की यमक डोळ्यांना दिसत नाही आणि लयीची जागा चुकते. कवितेच्या ओळीची लांबी हा कवितेचाच भाग असतो. तो सांभाळला जात नसेल तर विद्यार्थी वाचतो ती कविता अर्धीच.

तर मग ई-इंकची पोथी टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. तिच्यावर कागदासारखी, उन्हात अधिकच स्पष्ट दिसणारी अक्षरे उमटतात. रंगीत पडदा तिथे आरशासारखा चमकतो आणि वाचणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दाखवतो. एकदा भारित केली की ती अनेक दिवस, कधी आठवडे चालते, हा गुण विजेची खात्री नसलेल्या वाडीवस्तीवर लहान नव्हे. आणि तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे दारिद्र्य. तिच्यावर चित्रफिती नीट चालत नाहीत, निरोप येत नाहीत. दौंडहून निघालेल्या गाडीत केडगाव, यवत, उरुळी मागे पडेपर्यंत कादंबरीची तीन-चार प्रकरणे सलग वाचून व्हावीत, तर ती अशा दरिद्री यंत्रावरच. ज्याचे वाचन मुख्यतः नव्या, युनिकोडमधल्या कथा-कादंबऱ्यांचे आणि इंग्रजी समीक्षेचे आहे, त्याने खुशाल पोथी घ्यावी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यांतील सहभागी वाचकांची संख्या १ लाख ७० हजारांवर होती. पडद्यापेक्षा कागदावर आकलन सरस ठरते, असा त्याचा एकंदर निष्कर्ष. हा फरक माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना प्रकर्षाने दिसला. निव्वळ कथनपर मजकुरात दिसला नाही. कथा-कादंबरी पडद्यावर वाचण्याचे फारसे भय बाळगू नये, पण सैद्धांतिक समीक्षा शक्यतो कागदावर किंवा निदान हाती लेखणी घेऊन वाचावी, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

लेखणीचा विषय निघालाच आहे तर पाटीविषयी. साहित्याचा अभ्यास समासात होतो. पोथ्यांच्या समासात लेखनिकांनी राहिलेली अक्षरे भरली, पाठभेद नोंदवले, कठीण शब्दांचे अर्थ लिहिले. जुन्या ग्रंथाचे संपादन करणाऱ्याला त्या समासांचा केवढा आधार असतो हे अध्यापकांना सांगायला नको. लेखणी स्वीकारणारा टॅबलेट ही समासाची सोय पडद्यावर देतो. छायाप्रतीवर खूण करता येते, कडेला टीप लिहिता येते. केवळ लेखनासाठी घडवलेले ई-इंकचे मोठे टॅबलेट या कामी सुखद असले तरी त्यांची किंमत साध्या टॅबलेटच्या कितीतरी वर जाते. दहा इंची साधा टॅबलेट आणि त्याला चालणारी लेखणी एवढ्यावर विद्यार्थ्याचे काम भागते. मात्र हस्ताक्षराचे छापील अक्षरांत रूपांतर होईल असे सांगितले गेले, तर ते देवनागरीत होते काय हे दुकानातच लिहून पाहावे. ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ हे चार शब्द लिहावेत आणि कळफलकावरूनही टंकून पाहावेत. ज्या यंत्राला ‘वाङ्मय’ लिहिता येत नाही ते वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने घ्यावे कशाला?

निव्वळ स्वस्ताईचा मोहही टाळावा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅबलेट प्रकाशात आणला. शासनाला तो २,२७६ रुपयांना पडणार होता आणि त्या किमतीचे जगभर कौतुक झाले. पण सात इंचांचा त्याचा पडदा बोटाच्या स्पर्शाऐवजी दाबाने चालणारा होता, यंत्र मंद होते आणि बॅटरी फार वेळ टिकत नव्हती. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली, तरी ते यंत्र वाचकाच्या अंगवळणी काही पडले नाही. किंमत आधी ठरवून गरज तिच्यात कोंबली की असे होते. घरातल्या एकाच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्याच्या वाट्यातून निघतो अशा कुटुंबाला तर दुसऱ्यांदा खरेदी परवडत नाही. म्हणून थोडे थांबून, पण एकदाच आणि योग्य ते घ्यावे.

यापुढचा मुद्दा आकारापेक्षा आणि किमतीपेक्षा गंभीर आहे : आपण वाचतो ते पुस्तक कोणाचे? जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अनेक ग्राहकांच्या किंडलवरून त्यांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तके कंपनीने परस्पर काढून घेतली. विक्रेत्याला ती विकण्याचा हक्क नव्हता हे खरे, आणि कंपनीने पुढे दिलगिरीही व्यक्त केली. पण असे करता येते हे वाचकांना त्या दिवशी कळले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलसाठी घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात भरण्याची जुनी सोयही बंद झाली. विकत घेतलेले पुस्तक कपाटात ठेवता येते, मैत्रिणीला देता येते, रद्दीत विकता येते. यांतले काहीच ज्याला करता येत नाही त्याला मालक म्हणावे की नुसता पाहुणा?

या प्रश्नाचा विचार करताना आमच्यापुढे दौंड तालुक्यातलेच केडगाव उभे राहते. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत भाषांतर केले. छापखाना तिथेच होता आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या स्त्रिया करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. त्यामागची श्रद्धा कोणाची असो वा नसो, वाचनाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व आहे. भाषा कोणती असावी हे तिथे ठरले, अक्षर तिथे जुळले, पान तिथे छापले गेले, आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांचेच हात या प्रत्येक टप्प्याला लागले. शंभर वर्षांनंतर त्याच तालुक्यातील वाचक हाती टॅबलेट घेतो तेव्हा यांतला एकही टप्पा त्याच्या हाती नसतो. त्याने छापखाना काढावा असे कोणी म्हणणार नाही. पण जे यंत्र आपल्या फाइली आपल्याजवळ ठेवू देते, स्मृतिपत्रावर त्यांची प्रत करू देते, आपल्या टिपा साध्या पीडीएफच्या रूपात बाहेर काढू देते आणि कोणत्याही एका दुकानाच्या खात्यावाचून उघडते, ते निवडणे त्याच्या हाती नक्की आहे. आमच्या मते हीच निवडीची खरी कसोटी.

या कसोटीवर आणि वरच्या अंकगणितावर आमचा कौल मराठीच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यापुरता स्पष्ट आहे : दहा इंचांच्या आसपासचा, लेखणी चालणारा, स्मृतिपत्राची जागा असलेला साधा अँड्रॉइड टॅबलेट. कोशांसाठीही तोच सोयीचा, कारण मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, मराठी विश्वकोशही महाजालावर आहे, आणि ई-इंकच्या यंत्रांवर संकेतस्थळे पाहणे कष्टाचेच होते. या बाजाराची जी अडचण, म्हणजे चित्त विचलित होण्याची, ती यंत्र बदलून पुरती सुटणारी नाही. वाचताना जोडणी बंद ठेवण्याची सवयच तिथे कामी येईल, आणि ती लावण्यात शिक्षकांचाही वाटा असला पाहिजे.

एक सूचना मात्र विद्यार्थ्यांपेक्षा महाविद्यालयांना. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय असो की केडगावचे सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय, तालुक्याच्या महाविद्यालयांतील ग्रंथालयांनी असे दहा-वीस टॅबलेट घ्यावेत आणि पुस्तकाप्रमाणे पंधरा दिवसांसाठी घरी द्यावेत. अभ्यासक्रमातील स्वामित्वमुक्त पुस्तके मराठी विभागाने निवडून, त्यांच्या बऱ्यात बऱ्या छायाप्रती पाहून आधीच त्यांत भरून ठेवाव्यात. एकाच ग्रंथाच्या तीन प्रती मिळतात, एकीची पाने गळलेली, दुसरीची वाकडी. त्यांतली कोणती ग्राह्य हे ठरवणे हेही पाठसंपादनाचेच काम आहे आणि ते विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याला यंत्र मिळेल. ज्याला परवडते त्याला घेण्यापूर्वी पंधरा दिवस वापरून पाहता येईल. आणि ज्याचे वाचन कागदावरच होते, त्याला ग्रंथालयाच्या त्याच खिडकीवर कागदाचे पुस्तक पूर्वीप्रमाणे मिळत राहिले पाहिजे. टॅबलेटांसाठीचा पैसा पुस्तकखरेदीच्या तरतुदीतून काढला जाऊ नये, एवढी अट घालूनच आम्ही ही सूचना करीत आहोत.